गेले आठ, मिळाले चोवीस!

सोसायटीच्या बॅडमिंटन लीगचा तक्ता कधी नीट वाचलाय? नऊ सामने जिंकलेला दादा तिसरा आणि पाचच जिंकलेली ताई त्याच्या वर, दुसरी! बघणाऱ्याला वाटतं, गुण मांडणाऱ्यानं काहीतरी घोळ घातलाय. पण दादानं हरवलं कुणाला, ते बघा. त्यातली निम्मी तरी मंडळी कालपरवा रॅकेट धरायला शिकलेली. ताई मात्र बहुतेक वेळा तगड्या खेळाडूंशीच भिडली होती.

सगळे सगळ्यांशी सारखेच सामने खेळणार असतील, तर नुसते विजय मोजले तरी चालतं. पण संध्याकाळच्या कोर्टावर असं कुठे होतं? कुणाची परीक्षा, कुणाचा क्लास. जे हजर असतील त्यांच्यात सामना लागतो. काही ठिकाणी मग शिडी करतात: वरच्या पायरीवरच्याला आव्हान द्यायचं, हरवलं की त्याची जागा आपली. ही पद्धत सोपी आहे, पण एका वाईट दिवसात कुणीही धपकन खाली येतं.

यावरचा सगळ्यात सुंदर तोडगा आला बुद्धिबळातून. आर्पाद एलो हे १९०३ साली हंगेरीत जन्मलेले आणि पुढे अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. स्वतः पट्टीचे बुद्धिबळपटू. त्यांनी बसवलेली गुणांची पद्धत अमेरिकेतल्या बुद्धिबळ संघटनेनं १९६० मध्ये आणि फिडे या जागतिक संघटनेनं १९७० मध्ये स्वीकारली. ‘एलो रेटिंग’ म्हणतात ते हेच. दोन खेळाडू किंवा दोन संघ समोरासमोर येतात अशा कुठल्याही खेळाला ते चालतं, मग आपल्या कोर्टाला का नाही?

गोट्यांच्या डावात दोघंही आपापल्या गोट्या रिंगणात ठेवतात आणि जिंकणारा सगळ्या उचलतो. एलोंचं गणित अगदी तसंच चालतं, फक्त दोघांनी सारख्या गोट्या ठेवायच्या नाहीत. समजा, लीग सुरू होताना प्रत्येकाला १००० गुण दिले आणि दर सामन्याला रिंगणात मिळून ३२ गुण ठेवायचं ठरवलं. दोघांचे गुण सारखे असतील, तर प्रत्येकानं १६ ठेवायचे. पण ताई १२०० वर पोचलीय आणि तुम्ही अजून १००० वर आहात, तर? एलोंचं सूत्र सांगतं, २०० गुणांचा फरक म्हणजे ताई जिंकायची शक्यता १०० मध्ये ७६. मग ३२ चे ७६ टक्के, म्हणजे साधारण २४ गुण ताईनं ठेवायचे. तुम्ही ठेवायचे फक्त ८!

ताई जिंकली, तर तिला तुमचे ८ मिळाले. तुम्ही जिंकलात, तर तिचे २४ तुमचे. आता जरा बोटं मोजा. ताईशी चार सामने झाले, तीन हरलात आणि एक जिंकलात. गेले आठ त्रिक चोवीस, आले चोवीस. तुम्ही जवळजवळ होतात तिथेच! आणि तसंच व्हायला हवं, कारण चारातला एक सामना जिंकाल, असंच तर तुमचे गुण आधीपासून सांगत होते. अंदाज बरोबर आला, मग आकडा कशाला बदलायचा? तो हलतो अंदाज चुकला की. चारातले दोन सामने जिंकायला लागलात, तर गुण वर सरकतील, फरक कमी होईल आणि नवा अंदाज तयार होईल. मला या पद्धतीचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते याचं. ती आपली चूक आपणच दुरुस्त करत राहते.

आता एक गंमत. चारपैकी तीन गेम जिंकणारी ताई तुमच्यापेक्षा कितीतरी भारी असणार, असं वाटतं ना? २१ गुणांचा एकच गेम धरला, तर त्यासाठी तिला १०० रॅलींमधल्या साधारण ५५ जिंकल्या तरी पुरतात. उरलेल्या ४५ तुमच्याच! दर रॅलीतला हा इवलासा फरक २१ पर्यंत पोचता पोचता साठत जातो. म्हणजे एक ड्रॉप शॉट नीट जमायला लागला, तरी तक्त्यात हालचाल दिसू शकते.

डबल्समध्ये काय करायचं? जोडीच्या गुणांची सरासरी काढायची आणि दोन जोड्यांमध्ये तोच डाव मांडायचा. पण पार्टनरनंच सगळे स्मॅश मारले, तर गुण फुकट नाही का मिळाले? एका सामन्यात मिळतील. पण पार्टनर बदलत राहिले, तर बऱ्याच सामन्यांनंतर तुमच्या सगळ्या जोड्यांमध्ये सारखं कोण उरतं? तुम्ही! म्हणून चिठ्ठ्या टाकून जोड्या पाडणारी लीग मला फार आवडते. दोन जिवलग मित्र कायम एकत्रच खेळले, तर त्यांच्यातल्या कुणाचा खेळ सरस, हे या गणिताला कधीच कळणार नाही.

बॅडमिंटनची जागतिक क्रमवारी मात्र वेगळ्या रीतीनं लागते. तिथे गेल्या ५२ आठवड्यांतल्या स्पर्धा बघतात, सगळ्यात चांगल्या दहांचे गुण धरतात, आणि ते गुण स्पर्धा किती मोठी आणि तुम्ही कुठल्या फेरीपर्यंत पोचलात यावर ठरतात. मुंबईचा चिराग शेट्टी आणि त्याचा जोडीदार सात्विकसाईराज रंकीरेड्डी २०२३ मध्ये पुरुष दुहेरीत जगात पहिले आले, ते याच हिशेबानं.

एलोच्या आकड्याला एक मर्यादा आहे. तुमच्या सोसायटीतले १२०० आणि पलीकडच्या सोसायटीतले १२०० सारखे नसतात. दोन्हीकडची मंडळी एकमेकांशी खेळलेलीच नाहीत, मग तुलना कशी करणार? पण तुमच्यातले दोघंतिघं तिकडे जाऊन खेळायला लागले की त्यांच्याबरोबर गुणही कुंपणापलीकडे येजा करू लागतात आणि भरपूर सामने झाले की दोन्ही तक्ते हळूहळू एकाच मापात येतात.