रुपयाच्या दोन

२०२४ च्या फेब्रुवारीत माहेरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बाबांनी बातमी टाकली, "आपली रावळगाव विकली!" मेलबर्नला रात्र झाली होती, मी ओटा आवरत होते. पुढे वाचलं तर पान पसंद, मँगो मूड, टूटी फ्रूटी, कॉफी ब्रेक या गोळ्यांची नावं आणि पाककृती रावळगाव कंपनीने रिलायन्स समूहाला २७ कोटी रुपयांना विकल्या होत्या.

आम्ही मालेगावचे, आणि रावळगाव आमच्याच तालुक्यातलं. वालचंद हिराचंद यांनी तिथे १९३३ मध्ये साखर कारखाना काढला आणि १९४२ पासून गोळ्या तयार होऊ लागल्या. मुंबईला आत्याकडे जाताना आई रावळगावचं पाकीट हमखास न्यायची. "अगं, इथेही मिळतात," असं आत्या म्हणायची, पण गोळी तोंडात टाकूनच!

दुसऱ्या दिवशी आमच्या शेजारच्या ऑस्ट्रेलियन आजींना हे सांगितलं. त्यांना लगेच कळलं. इथे १९३० पासून मिळणाऱ्या 'फॅन्टेल्स' २०२३ मध्ये बंद झाल्या. चॉकलेटचा थर दिलेली चिवट टॉफी, आणि वेष्टनावर सिनेनटांची माहिती. नाव झाकून नट ओळखायचा खेळ आजी लहानपणी खेळायच्या. आम्ही दोघी कुंपणाशी उभ्या राहून बराच वेळ हळहळलो.

पण माझी एक आठवण गोड नाही.

वाढदिवसाला शाळेत गोळ्या वाटायचो, आठवतं ना? त्या दिवशी गणवेशाला सुट्टी, नवा फ्रॉक, आणि वर्गभर प्रत्येकाला एक गोळी. जिवलग मैत्रिणीला दोन, बाईंना मूठभर. आमच्याकडे रुपयाच्या दोन मिळणारी रावळगाव वाटली की मान ताठ.

चौथीत माझ्या मागच्या बाकावर एक मुलगी बसायची. तिचे वडील यंत्रमागावर कामाला होते. तिने वाढदिवसाला वर्तमानपत्राच्या पुडीतून लिमलेटच्या सुट्या गोळ्या आणल्या. उन्हाने त्या एकमेकींना चिकटल्या होत्या. ती एकेक सोडवून हातावर ठेवत होती. माझ्यापाशी आली तेव्हा मी मोठ्याने म्हणाले, "मला नको. रावळगाव नाही का आणल्या?"

वर्ग हसला. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या खुर्चीवरून उठून तिच्यापाशी आल्या, पुडीतली एक गोळी घेऊन तिथेच तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "लिमलेट माझी फार आवडती." मग सगळ्यांनीच हात पुढे केले. मीही केला. पण ती माझ्या बाकाकडे पुन्हा आली नाही.

पुढे एम.ए. करून मी स्वतः शाळेत शिकवायला लागले. मुलांनी वाटलेली गोळी पर्समध्ये न टाकता मी तिथेच, सगळ्यांसमोर खायचे. का, ते कुणाला कधी सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात माझा आठ वर्षांचा मुलगा मित्राच्या वाढदिवसाहून आला. हातातली लॉली बॅग सोफ्यावर टाकून म्हणाला, "यात काहीच भारी नाहीये. बाकीच्यांच्या बॅगा मस्त असतात."

"हे त्याच्यासमोर म्हणालास का?" मी विचारलं. तो गप्प बसला. मी त्याला रागावायला गेले, आणि तोंडून निघाली ती चौथीची गोष्ट. पहिल्यांदाच.

त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "मग तू तिला सॉरी म्हणालीस?"

"नाही रे."

"का नाही?"

बाईंनी वर्गात विचारावं आणि उत्तर येऊ नये, तसं झालं. दुसऱ्या दिवशी तो न सांगता मित्रासाठी एक चित्र काढून घेऊन गेला. मग मलाही स्वस्थ बसवेना. शाळेच्या जुन्या ग्रुपवर मी तिचा नंबर मागितला. ती अजून मालेगावातच आहे म्हणे, दोन मुलं आहेत तिला.

डिसेंबरात माहेरी जायचंय. तिच्या मुलांसाठी इथली चॉकलेटं घेतली आहेत. लिमलेटची पुडी मात्र मालेगावातच घेईन, आणि पहिली गोळी तिच्याच हातून मागून खाईन. दिली तर.