खोलीचा आवाज आणि आपल्या गोधड्या

आज मी घरातल्या एका छोट्या खोलीची गोष्ट सांगणार आहे. ज्या गटांना ओव्या, हळदीची गाणी रेकॉर्ड करायची आहेत, त्यांनी नीट ऐका, कारण आमच्या गटाचे ४,८०० रुपये यात वाया गेले. तुमचे जाऊ नयेत.

आमच्या एका सदस्याच्या घरी १० बाय १२ फुटांची खोली आहे. खाली कोबा, भिंतींना गिलावा, वर पत्रा. तिथे आम्ही माईक आणि कॉम्प्युटर मांडला. त्या ताईंच्या सूनबाई मिक्सिंग शिकल्यात. मिक्सिंग म्हणजे कुणाचा आवाज पुढे ठेवायचा, ढोलकी किती, झांज किती, याचं प्रमाण बसवणं.

पहिल्यांदा गायला बसल्या गटातल्या सगळ्यात थोरल्या आत्या. दोन दिवसांत त्यांनी ४० ओव्या सांगितल्या. नंतर ऐकलं, तर आत्या रिकाम्या टाकीत बसून गातायत असं वाटत होतं. दुकानदार म्हणाला, भिंतींना फोम लावा. आम्ही गटाच्या पैशातून एक इंची फोमचे तुकडे आणले, उरलेल्या भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवले. तर झांजेची चमक गेली आणि ढोलकी मात्र घुमतच राहिली. मासिक बैठकीत बायांनी विचारलं, "पैसे गेले, आवाज कुठाय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मी हा विषय समजून घेतला.

डोंगरासमोर हाक मारली की ती परत येते, हे आपल्याला माहीत आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर, म्हणजे ११०० फूट पळतो. डोंगर लांब असल्यानं परत आलेली हाक वेगळी ऐकू येते. दहा फुटांच्या खोलीत मात्र आवाज भिंतीला जाऊन सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या आत परत येतो. कानाला तो वेगळा कळत नाही, मूळ आवाजातच मिसळतो. सहा बाजूंनी असा मिसळला की आवाज पोकळ होतो. एकदा का हे रेकॉर्डिंगमध्ये आलं, की कॉम्प्युटरवर ते पूर्ण काढता येत नाही. वरणात जास्त पडलेलं मीठ वेचून काढता येतं का? तसंच हे.

आता फोम का फसला? आवाजाच्या लाटा असतात. झांजेच्या बारीक सुराची लाट दोन-तीन इंचांची, आणि ढोलकीच्या धुमची दहा-अकरा फुटांची. पातळ फोम बारीक लाट पिऊन टाकतो, मोठी लाट त्यातून सरळ जाते आणि भिंतीवर आपटून परत येते. अंड्यांचे ट्रे तर पातळ पुठ्ठाच. थर्माकोलचाही उपयोग नाही. आवाज पिणारी वस्तू मऊ, सच्छिद्र आणि मुख्य म्हणजे जाड लागते. ती पारखायची खूण सोपी आहे. कापड तोंडावर धरून फुंकर मारा. हवा आरपार गेली तर आवाजही आत शिरेल. म्हणून मेणकापड किंवा रेग्झीन वर लावू नका.

जाड, मऊ आणि हवा खेळणारं आपल्याकडे काय आहे? गोधडी! आम्ही जुन्या लाकडाच्या चार फूट लांब, दोन फूट रुंद, चार इंच खोल अशा सहा चौकटी करून घेतल्या. आत जुन्या गादीचा पिंजलेला कापूस आणि सुती लुगडी भरली, पण ठासून नाही. दोन्ही बाजूंनी विरळ सुती कापड ताणून बसवलं. चौकट भिंतीला चिकटवायची नाही, तीन-चार इंच पुढे टांगायची. मागच्या मोकळ्या जागेमुळे ती जास्त जाड असल्यासारखं काम करते. खिळे आणि सुताराची मजुरी धरून खर्च आला १,९०० रुपये.

चौकटी कुठे लावायच्या, हे आरसा सांगतो. मिक्सिंग करणारीनं आपल्या जागी बसायचं, दुसरीनं बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यायचा. बसलेलीला आरशात स्पीकर दिसला, की तिथे खूण करायची. तिथूनच आवाज उडी मारून कानात येतो. पहिल्या चौकटी तिथे. डोक्यावर पत्र्याखाली बांबू बांधून दोन-तीन गोधड्यांचं छत करा. मोठ्या लाटा कोपऱ्यांत साठतात, म्हणून गुंडाळलेल्या जाड गाद्या कोपऱ्यांत उभ्या करा. सगळी खोली मात्र झाकू नका, नाहीतर आवाज मेल्यासारखा लागतो.

बसायची जागाही महत्त्वाची. सूनबाई खोलीच्या बरोबर मधोमध बसायच्या. तिथे ढोलकीचा सगळ्यात जाड सूर कमी ऐकू येतो. म्हणून त्या तो वाढवायच्या आणि बाहेर लग्नात ती ढोलकी धडधडायची. आता स्पीकर आखूड भिंतीकडे आहेत आणि त्या त्या भिंतीपासून साडेचार फुटांवर बसतात. दोन स्पीकर आणि डोकं यांचा समभुज त्रिकोण साधतात. झालेलं गाणं मोबाईलवर आणि रिक्षातल्या स्पीकरवरही ऐकून बघतात.

गाणारीच्या पाठीमागे जाड गोधडी टांगा, कारण माईकचं तोंड तिकडेच असतं. माईक तोंडापासून वीतभर लांब ठेवा.

एक गैरसमज दूर करते. गोधड्यांनी खोलीतला घुमारा कमी होतो, बाहेरची गिरणी किंवा मोटार थांबत नाही. त्याला जड भिंत आणि फटी बुजवलेलं दार लागतं. आम्ही सोपा मार्ग धरला. गिरणी बंद असताना पहाटे बसतो. पाऊस असला की पत्र्याखाली रेकॉर्डिंग नाहीच. आणि काळजी घ्या. कापूस पेटतो. वायरी, होल्डर, उदबत्ती यांपासून चौकटी लांब ठेवा. वर्षातून एकदा सगळं उन्हात टाका.

काम झालं की नाही, हे टाळीनं तपासा. आधी एकदा आणि नंतर एकदा, त्याच जागी उभं राहून टाळी वाजवा, मोबाईलवर रेकॉर्ड करा. आमची आधीची टाळी खणखणत लांबते, नंतरची टप् करून थांबते. बैठकीत मी दोन्ही ऐकवल्या आणि दोन्ही खर्च वाचून दाखवले. फोमची चूक माझी, असंही सांगितलं.

हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या पुढाकारानं महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायांकडून एक लाखावर जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या. त्यामुळे आपल्या आया-आज्यांचे शब्द राहिले. पण सूर आणि गळा रेकॉर्डिंगमध्येच राहतो.

खोली तयार झाली तोवर आत्यांना दम्यानं गाठलं होतं. तरी त्या आल्या. मागे टांगलेली गोधडी हातानं चाचपून म्हणाल्या, "ही तर माझ्याच हातची." त्या पहाटे ११ ओव्या झाल्या, मग श्वास पुरेना. त्या ११ मध्ये आत्या समोर बसल्यासारख्या वाटतात. उरलेल्या २९ त्या टाकीतल्या आवाजातच आहेत, आणि तशाच राहतील.

म्हणून सांगते, आधी खोली तयार करा, मग म्हाताऱ्या माणसाला गायला बसवा. पण खोलीसाठी फार दिवस थांबूही नका. गोधड्या घरात आहेतच.