फुकटचं सॉफ्टवेअर, दोन लायसन्स आणि पेटंटची एक अट



दुकानासाठी बिलिंग सॉफ्टवेअर कसं निवडायचं, हे व्हिडिओत बघितलं. त्यात लायसन्सचा मुद्दा राहिला होता, तो इथे घेऊ.

समजा, बीड किंवा अंबाजोगाईत तुम्ही ओपन सोर्सचे दोन-चार भाग जोडून बिलिंग सॉफ्टवेअर बनवून घेतलं आणि दहा दुकानदारांना विकायचं ठरवलं. ओपन सोर्स म्हणजे फुकट, पण बिनअटीचं नव्हे. प्रत्येक भागासोबत लायसन्स येतं आणि एकत्र विकताना सगळ्यांच्या अटी एकाच वेळी पाळाव्या लागतात. एक पाळताना दुसरी मोडली, तर विकायचा हक्कच राहत नाही.

नेमकं अडतं कुठे?

अपाचे २.० हे लायसन्स २००४ चं. कोड देणारा त्यासोबत आपली पेटंटही वापरू देतो. पण हा कोड माझ्या पेटंटचा भंग करतो, असा दावा तुम्ही कोर्टात लावला, की त्याच तारखेपासून तुमची पेटंटची परवानगी संपते.

जीपीएल २ हे १९९१ चं. ते म्हणतं, पुढच्याला देताना एकही जादा अट लावायची नाही. पेटंटची वरची अट त्यात नाही, म्हणजे ती जादा झाली. म्हणून जीपीएल लिहिणारं फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन सांगतं, की ही दोन जमत नाहीत.

२००७ मध्ये जीपीएल ३ आलं, त्यात अशा अटीला जागा केली. आता अपाचेचा भाग जीपीएल ३ मध्ये घेता येतो, मात्र सगळं मिळून जीपीएल ३ खालीच द्यायचं. उलटं चालत नाही.

आपल्या कामाची उदाहरणं बघा:

१. ईआरपीनेक्स्ट, मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं, जीपीएल ३ वर आहे. अपाचेचा भाग चालतो.
२. वर्डप्रेस 'जीपीएल २ किंवा त्यापुढचं' आहे. ३ निवडा, काम होतं.
३. 'फक्त जीपीएल २' लिहिलंय, जसं लिनक्स कर्नलला, तिथे अपाचेचा कोड मिसळू नका.

पेटंटची अट किती महत्त्वाची, ते २०१७ मध्ये दिसलं. फेसबुकच्या रिअ‍ॅक्टची अट जास्त कडक होती: फेसबुकवर कुठल्याही पेटंटचा दावा लावला तरी परवानगी गेली. सप्टेंबरमध्ये वर्डप्रेसच्या मॅट मुलेनवेग यांनी रिअ‍ॅक्ट सोडायचं जाहीर केलं. काही दिवसांतच फेसबुकने ती अट काढून साधं एमआयटी लायसन्स लावलं.

कोणी म्हणेल, भारतात कलम ३(के) प्रमाणे नुसत्या कॉम्प्युटर प्रोग्रामला पेटंट मिळत नाही, मग आपल्याला काय? पण लायसन्स ही कॉपीराइटची परवानगी आहे. अट मोडली तर कॉपीराइटचा भंग होतो, आणि तो कायदा बीडलाही लागू आहे.

फक्त स्वतःच्या दुकानात वापरत असाल तर ही अडचण येत नाही. ती दुसऱ्याला देताना येते. म्हणून डेव्हलपरला शेवटचा हप्ता द्यायच्या आधी लेखी यादी घ्या: कोणते भाग वापरले, प्रत्येकाचं लायसन्स नंबरासकट कोणतं, आणि जीपीएल २ असेल तर 'फक्त' की 'किंवा त्यापुढचं'. या एका शब्दावर तुमचा धंदा अडू शकतो.