जुनी विमाने आणि दिव्यांग प्रेक्षक
नौदलाने १९९८ साली गोव्यात बोगमाळो येथे उघडलेल्या विमानसंग्रहालयाच्या प्रांगणात जे चार इंजिनांचे सुपर कॉन्स्टेलेशन उभे आहे, त्याचे दार माणसाच्या डोक्याहून पुष्कळ उंच असल्यामुळे, नंदुरबार वा शहाद्याहून सहलीस आलेल्या आणि चाकांच्या खुर्चीतून फिरणाऱ्या विद्यार्थ्यास ते आतून दाखवायचे म्हटले की आधी भूमितीच आडवी येते. रूढ प्रमाणानुसार १ मीटर उंचीस १२ मीटर उतार लागतो; तेव्हा ३ मीटर चढायला ३६ मीटर, शिवाय विसाव्याचे सपाट टप्पे निराळेच. त्यापेक्षा जमिनीवर मांडलेली कॉकपिटची प्रतिकृती आणि अंधांना हाताळता येईल असा लहान नमुना अधिक व्यवहार्य. मूळ पत्रा कापून दार रुंद करण्यात काय हशील?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यातील दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत सिकलसेलचाही अंतर्भाव आहे, आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात तो आजार पुष्कळ आढळत असूनही आराखडे करणाऱ्यांच्या ध्यानात तो क्वचितच येतो. तापलेल्या प्रांगणात शरीरातील पाणी कमी झाले तर अशा रुग्णास तीव्र वेदनेचा झटका येऊ शकतो. सबब विमानाच्या पंखाखाली सावलीत एखादा बाक आणि जवळच पिण्याचे पाणी, एवढी तजवीज उताराच्याही आधी व्हावी.