जुनें बॅरिटोन युकुलेले घेतांना आणि देतांना

१८७९ सालीं मदीरा बेटावरून होनोलुलूस गेलेल्या पोर्तुगीज लोकांनीं जें लहानसें तंतुवाद्य बरोबर नेलें, त्याचा वंशज म्हणजे युकुलेले. त्या कुळांत आकारानें थोरलें, पण वयानें धाकटें तें बॅरिटोन. १९५० च्या सुमारास तें अमेरिकेंत पुढें आलें.

त्याच्या चार तारा गिटारीच्या बारीक चार तारांप्रमाणें लावतात. युकुलेलेचीं पुस्तकें मात्र बहुधा लहान वाद्यासाठीं लिहिलेलीं. त्यांतील बोटें जशींच्या तशीं ठेवलीं, तर षड्जाच्या जागीं खालचा पंचम येतो आणि गाणाराची पंचाईत होते. मग कंटाळून मंडळी वाद्य विकावयास काढतात. अशा वेळीं दोष वाद्याचा नसतो!

खरा दोष निराळा. हें वाद्य आंतड्याच्या किंवा नायलॉनच्या तारांसाठीं घडविलेलें. कोणी हौसेनें पोलादी तारा चढवितो आणि त्यांच्या ताणानें घोडी तबलीवरून सुटूं लागते. घोडीखालीं कागदाची कड सरकते का, तें पाहावें. सरकली तर सौदा थांबवावा. (जाड दोन तारांवर धातूचें वेष्टन असतेंच, त्याला भिऊं नये.) मग तार मोकळी छेडून बाराव्या पडद्यावर दाबावी. तोच स्वर वरच्या सप्तकांत नेमका यावा. झिजलेल्या तारांनींहि तो चुकतो, म्हणून विकणारानें आधीं नव्या तारा घालाव्या.

मीं माझें वाद्य विकलें तेव्हां पाठीवरची सांधलेली चीर प्रथम दाखविली. गृहस्थांनीं किंमत पाडून मागितली. मींहि ती मान्य केली. महिन्यानें त्यांनींच मेहुण्यासाठीं दुसरें वाद्य पाहावयास मला बरोबर नेलें.