क्रिमिनल जस्टिसची पदवी : कर्ज किती, कमाई किती?

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या लोकांची मुले आता तिकडच्या कॉलेजांत शिकू लागली आहेत. त्यांच्यापुढे ठेवल्या जाणाऱ्या अनेक अभ्यासक्रमांत 'क्रिमिनल जस्टिस' हा एक असतो. पोलीस, न्यायालय आणि तुरुंग या तिन्ही खात्यांचे कामकाज शिकवणारी ही चार वर्षांची पदवी आहे. ती वकिलीची पदवी नव्हे. वकील व्हायचे असेल तर यानंतर लॉ स्कूलची आणखी तीन वर्षे आणि त्यांचा वेगळा खर्च. नावात 'जस्टिस' आहे म्हणून इकडचे आईबाप फसतात, हे आधीच सांगितलेले बरे.

या शिक्षणाचा पसारा सरकारी पैशाने वाढला. १९६७ साली राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या आयोगाने पोलिसांना कॉलेजचे शिक्षण हवे, अशी शिफारस केली. १९६८ च्या कायद्याने पोलिसांना शिक्षणासाठी कर्ज मिळू लागले आणि नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे त्यातला चौथा हिस्सा माफ होऊ लागला. म्हणजे चार वर्षे सेवा केली की खाते कोरे. कॉलेजांनी भराभर वर्ग उघडले. ती योजना पुढे बंद पडली, वर्ग मात्र चालूच राहिले आणि खर्च विद्यार्थ्याच्या अंगावर आला.

आता कमाई पाहू. अमेरिकेच्या कामगार खात्याच्या २०२३ च्या आकड्यांप्रमाणे गस्तीच्या पोलिसाची मधली वार्षिक कमाई सुमारे ७२ हजार डॉलर होती. सुटलेल्या किंवा सशर्त मोकळ्या ठेवलेल्या आरोपींवर देखरेख करणाऱ्या प्रोबेशन अधिकाऱ्याची सुमारे ६२ हजार, तुरुंगातल्या पहारेकऱ्याची ५३ हजार आणि खासगी सिक्युरिटी गार्डची ३७ हजार. पदवी एकच, पण तिचा भाव कुठे नोकरी लागते यावर ठरतो. शिवाय प्रोबेशनच्या नोकरीला साधारणपणे पदवी लागते, पण पोलीस आणि तुरुंगाच्या बऱ्याच नोकऱ्यांना हायस्कूल आणि खात्याचे प्रशिक्षण पुरते. न्यूयॉर्क पोलिसांनी तर २०२५ मध्ये कॉलेजची अट ६० क्रेडिटवरून २४ वर आणली. २४ क्रेडिट म्हणजे जेमतेम एक वर्षाचा अभ्यास. ज्या मालाशिवाय गिऱ्हाइकाचे काम भागते, त्या मालाला चढा भाव देऊन साठा करणे आम्हा कापडवाल्यांना तरी पटत नाही.

कर्जाचा हिशेब असा. आईबापांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला सरकारी कर्ज पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५०० आणि पुढे दरसाल ७,५०० डॉलरपर्यंत मिळते. चार वर्षांचे झाले २७,०००. २०२४-२५ चा व्याजदर ६.५३ टक्के होता. शिकत असतानाचे व्याज सोडून दिले, तरी दहा वर्षांच्या मुदतीत महिना ३०७ डॉलर हप्ता बसतो आणि एकूण परतफेड ३६,८०० च्या पुढे जाते. जुलै २०२६ पासूनच्या नव्या कर्जांना, २५ ते ५० हजारांच्या टप्प्यात, नेहमीची मुदत पंधरा वर्षांची ठरवली आहे. त्याच दराने हप्ता २३६ वर येतो, पण परतफेड ४२ हजारांवर जाते. हप्ता हलका म्हणून खूश होणाऱ्याने शेवटची बेरीज करून पाहावी. (व्याज घ्यावे-द्यावे की नाही हा प्रश्न उलेमांचा आहे, आम्ही येथे फक्त वही मांडतो आहोत.)

पोलिसाच्या पगारात ३०७ डॉलर निघतात. सिक्युरिटी गार्डच्या पगारात घरभाडे देऊन ते काढणे जड जाते. आणि हे झाले स्वस्त कॉलेजचे. न्यूयॉर्कचे जॉन जे कॉलेज सरकारी आहे, १९६४ पासून याच विषयासाठी नावाजलेले आहे आणि त्याची फी तिथल्या रहिवाशाला वर्षाला सुमारे सात हजार डॉलर पडते.

महागड्या खासगी कॉलेजात काय होते, त्याचा दाखला वेस्टवूड कॉलेजचा. इलिनॉय राज्याच्या अॅटर्नी जनरल लिसा मॅडिगन यांनी जानेवारी २०१२ मध्ये या कॉलेजवर दावा लावला. पोलिसात नोकरी मिळेल असे सांगून क्रिमिनल जस्टिसला मुले भरली. पण कॉलेजची मान्यता ज्या प्रकारची होती, ती शिकागो पोलीस व राज्य पोलीस धरत नव्हते, असा आरोप होता. मुलांच्या डोक्यावर ५० ते ७० हजार डॉलरांचे कर्ज झाले. सरकारी कर्जाची मर्यादा संपल्यावर उरलेली उधारी खुद्द कॉलेजच्या खात्यावर! माल आमचाच घ्या आणि कर्जही आमचेच काढा, असे म्हणणाऱ्या दुकानदारापासून बाजारात चार हात दूर राहतात. २०१५ मध्ये तडजोड होऊन दीड कोटी डॉलरांची खासगी कर्जे सोडून देण्यात आली, २०१६ मध्ये कॉलेज बंद पडले आणि २०२२ मध्ये केंद्र सरकारने ७९,००० विद्यार्थ्यांची दीड अब्ज डॉलरांची कर्जे माफ केली. दाव्यापासून दहा वर्षांनी. तोवर ज्यांनी हप्ते भरले, त्यांच्या तारुण्याचा हिशेब कोण देणार?

व्यापारी बुडाला तर दिवाळखोरीचा अर्ज करून मोकळा होतो. अमेरिकेतले शिक्षणाचे कर्ज १९९८ पासून तसे सहजी सुटत नाही. असह्य हलाखी कोर्टात सिद्ध करावी लागते. दुसरी एक वाट २००७ च्या कायद्याने ठेवली आहे. सरकारी किंवा धर्मादाय संस्थेत पूर्णवेळ नोकरी करत १२० हप्ते फेडले की उरलेले कर्ज माफ होते. मात्र हप्ता उत्पन्नाच्या प्रमाणात ठरणारी योजना घेतलेली हवी, नाहीतर दहा वर्षांत फिटून माफ करण्यासारखे काही उरतच नाही. दुसरी गोम अशी की, सरकारी तुरुंगातला पहारेकरी यात बसतो आणि नफ्यासाठी तुरुंग चालवणाऱ्या खासगी कंपनीचा पहारेकरी बसत नाही. काम तेच, गणवेशही जवळपास तसाच, पण पगाराच्या पावतीवर नाव कोणाचे यावर हजारो डॉलर अवलंबून.

म्हणून प्रवेशाआधी कॉलेजच्या माहितीपत्रकापेक्षा, ज्या खात्यात जायचे आहे त्याच्या भरती कार्यालयात जावे. ही पदवी चालते का, किती क्रेडिट लागतात आणि पदवीमुळे पगारात किती फरक पडतो, हे तीन सवाल विचारावेत. २०२५ च्या कायद्याने, ज्या पदवीधरांची कमाई नुसत्या हायस्कूलवाल्यापेक्षाही कमी भरेल, त्या अभ्यासक्रमांचे सरकारी कर्ज बंद करण्याची तरतूद झाली आहे. तेव्हा त्या कॉलेजातल्या मागच्या मुलांची कमाईही विचारून घ्यावी.

येथून व्हिसावर जाऊन हा विषय घेण्याचा विचार कोणी करत असेल, तर त्याची गोष्टच निराळी. परदेशी विद्यार्थ्याला वर सांगितलेले सरकारी कर्ज मिळत नाही आणि न्यूयॉर्कसारख्या अनेक पोलीस खात्यांत नागरिकत्वाशिवाय भरती होत नाही.