विश्लेषण : व्हिडीओ एडिटिंगसाठी पीसी जोडताय? आधी कॅमेऱ्याची फाइल तपासा!

नवा कॉम्प्युटर जोडला, महागडे ग्राफिक्स कार्ड बसवले, तरी टाइमलाइनवर व्हिडीओ अडखळतोच, अशी तक्रार एडिटिंग करणाऱ्यांकडून हमखास ऐकू येते. त्यातच २०२५च्या अखेरपासून एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅमचे दर भडकले आहेत. त्यामुळे एक चुकीचा पार्टही बजेट कोलमडून टाकू शकतो. मग पैसे नेमके कुठे खर्च करावेत?

व्हिडीओ अडखळतो कशामुळे?

कॅमेरा जागा वाचवण्यासाठी प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही. एच.२६५सारख्या फॉरमॅटमध्ये अधूनमधून एक पूर्ण फ्रेम आणि मधल्या काळातले फक्त बदल साठवले जातात. एडिटिंग करताना त्या फ्रेम पुन्हा तयार कराव्या लागतात. यासाठी चिपमध्ये ‘डीकोडर’ हा स्वतंत्र भाग असतो. त्याला तुमचा फॉरमॅट समजत नसेल, तर सगळा भार प्रोसेसरवर येतो.

‘टेन-बिट ४:२:२’ची अडचण काय?

लग्नाच्या शूटिंगसाठी वापरले जाणारे अनेक मिररलेस कॅमेरे या प्रकारात रेकॉर्डिंग करतात. त्यात रंगांची माहिती जास्त असल्याने कलर करेक्शन चांगले होते. मात्र एनव्हीडियाच्या आरटीएक्स ४० मालिकेपर्यंतच्या कार्डांत त्याचा डीकोडर नाही. तो २०२५मध्ये आलेल्या ५० मालिकेत मिळाला. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या इंटिग्रेटेड ग्राफिक्समध्ये एच.२६५साठी ही सोय आहे. त्यामुळे थोडे पैसे वाचवण्यासाठी नावापुढे ‘एफ’ असलेला इंटेल प्रोसेसर घेऊ नका, त्यात इंटिग्रेटेड ग्राफिक्सच नसते. वेगळे कार्ड बसवल्यावर ते बायोसमध्ये सुरू आहे का, हेही पाहा.

ग्राफिक्स कार्ड किती मोठे हवे?

कापाकापी, संगीत आणि टायटल एवढेच काम असेल, तर मधल्या श्रेणीचे कार्ड पुरते. दाविंची रिझॉल्व्हमध्ये कलर ग्रेडिंग किंवा नॉइज रिडक्शन करणार असाल, तर कार्डावर अधिक खर्च करा. फोर-के कामासाठी कार्डाची मेमरी किमान ८ जीबी, शक्य असल्यास १२ जीबी असावी.

रॅम आणि स्टोरेजचे गणित काय?

फोर-केसाठी ३२ जीबी रॅम घ्यावी, तीही १६ जीबीच्या दोन स्टिकमध्ये. एकाच स्टिकपेक्षा वेग चांगला मिळतो. एएमडीच्या एएम५ बोर्डवर फक्त डीडीआर५ चालते, जुनी डीडीआर४ बसत नाही.

१०० एमबीपीएसने केलेले एक तासाचे रेकॉर्डिंग ४५ जीबी जागा घेते. दोन कॅमेऱ्यांनी चार तास शूट केल्यास ३६० जीबी लागतात. मात्र अशी एक फाइल सेकंदाला जेमतेम साडेबारा एमबी वाचते. म्हणजे सर्वात वेगवान, महागड्या एसएसडीची गरज नाही. एक किंवा दोन टीबीची साधी एनव्हीएमई पुरेशी आहे. काम संपलेले प्रोजेक्ट हार्ड डिस्कवर हलवा आणि दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा. ग्राहकाचे लग्न पुन्हा शूट करता येत नाही.

काटकसर कुठे करू नये?

पॉवर सप्लाय आणि यूपीएसमध्ये. रेंडर सुरू असताना वीज गेली, तर तासांचे काम वाया जाते. आरजीबी दिवे, काचेचे कॅबिनेट यांवरचा खर्च मात्र टाळता येतो. प्रत्येक पार्टचे जीएसटी बिल घ्या. वॉरंटीसाठी तेच लागते.

बजेटच नसेल तर?

एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ‘प्रॉक्सी’ तयार करा. मूळ फाइलच्या हलक्या प्रतीवर एडिटिंग होते आणि एक्स्पोर्ट मूळ फाइलमधून होतो. जुना कॉम्प्युटरही मग बऱ्यापैकी चालतो.

खरेदीपूर्वी ‘मीडियाइन्फो’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आपली एखादी क्लिप उघडून फॉरमॅट पाहा. तीच क्लिप पेन ड्राइव्हवर घेऊन दुकानात जा आणि शक्य असेल तर तिथल्या मशीनवर चालवून बघा.